बाहेरून कुलूप

रज्जाकभाई पठाणांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही कुलूप. तिसऱ्यांदा तेच पितळी कुलूप पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. त्यांच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदावर एक सही राहिली होती, आणि तेवढ्यासाठी मी भर दुपारी प्लँटवरून तीन खेपा घातल्या होत्या. रातपाळी करून आलेला माणूस दिवसाढवळ्या हिंडतो तरी कुठे, असं मी समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्या बबनरावांना जरा चढ्या आवाजात विचारलं. बबनरावांनी ओठांवर बोट ठेवलं, माझा दंड धरला आणि मला गिरणीच्या आत नेऊन उभं केलं.

"हळू बोला, भाऊसाहेब. आत झोपल्यात ते."

कुलूप बाहेरून आणि माणूस आत. जुबेदाभाभी अंगणवाडीत मदतनीस होत्या. सकाळी नवऱ्याला जेवू घालून, खिडकीला ओलं गोणपाट लावून त्या बाहेर पडायच्या आणि दाराला कुलूप ठोकून किल्ली कनवटीला लावून न्यायच्या. वर्गणीवाले, भांडीवाले, आगंतुक पाहुणे आणि माझ्यासारखे कागदवाले कुलूप पाहून परत फिरायचे. गिरणी बंद का, असं मी विचारल्यावर बबनराव म्हणाले की रज्जाकभाईंच्या रातपाळीच्या आठवड्यात ते तीनच्या आधी पट्टा चढवतच नाहीत. गल्लीतल्या बायका दळणाचे डबे सकाळी ठेवून जातात आणि संध्याकाळी नेतात. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, उलट गिरणीची मोटर बिघडली तर रज्जाकभाईच ती खोलून बसायचे.

नेवाशापासून आठ-दहा किलोमीटरवर आमचा दुधाचा प्लँट आहे. मी तिथे टाइमकीपर होतो. म्हणजे कोण किती वाजता आला, कोण किती वाजता गेला आणि पुढच्या आठवड्यात कुणी कुठल्या पाळीला यायचं, याचा तक्ता काढणारा माणूस. स्वतः मात्र मी जन्मभर सकाळी आठ ते पाच. लोकांच्या झोपेचे तुकडे पाडून कागदावर मांडायचे आणि आपण रात्री दहाला डोळे मिटायचे, अशी माझी नोकरी होती. याची लाज मला फार उशिरा वाटली, आणि ती रज्जाकभाईंनी वाटायला लावली.

ते बॉयलर अटेंडंट होते. बुटके, टक्कल पडलेले, हाताच्या केसांवर कायम राखेचा रंग. दूध तापवायला आणि पावडर करायला लागणारी वाफ त्यांच्या बॉयलरमधून यायची. पंचवीस वर्षं त्यांनी तिन्ही पाळ्या केल्या, पण त्यांना कुणी जांभई देताना पाहिलं नव्हतं. सकाळी आठला रातपाळी सुटली की बाकीचे लोक गेटाबाहेर चहाच्या टपरीवर सांडल्यासारखे पडलेले असायचे. हा माणूस मात्र खिशातून काळा गॉगल काढायचा, डोळ्यांवर चढवायचा आणि सायकलवर टांग मारून सरळ घर गाठायचा. नवी पोरं हसायची, हिरो म्हणायची. ते हसणाऱ्यांना सांगायचे की उन्हं डोळ्यांत गेली की डोकं समजतं, दिवस उगवला. डोक्याला कशाला कळवायचं?

त्यांचे नियम ठरलेले होते. रात्री दोननंतर चहा नाही. जेवणाची वेळ पाळीप्रमाणे बदलायची, पण आठवडाभर मिनिटानेही हलायची नाही. आणि रातपाळीच्या आठवड्यात दिवसाच्या कार्यक्रमाला जायचं नाही, म्हणजे नाही. चुलतभावाच्या मुलीची मंगनी दुपारी बाराला होती. हे गेले नाहीत. घराणं रुसलं, चुलतभाऊ दारात येऊन कुलपाकडे बघून वाट्टेल ते बोलून गेला. रज्जाकभाईंनी निरोप पाठवला, की रात्री दोनला मंगनी ठेवा, मी सगळ्यांच्या आधी येऊन बसतो. वर्षभर ते घर यांच्याशी बोलत नव्हतं. यांनीही माफी मागितली नाही.

"झोप म्हंजी बॉयलरच्या काचेतलं पानी हाय, भाऊसाहेब," बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीकडे बोट दाखवत ते मला म्हणाले होते. "दिसतंय तवर त्येच्याकडं बघत ऱ्हायचं. दिसंनासं झालं की मग लई उशीर झाल्याला असतो."

कुलपाचा घोटाळाही एकदा झालाच. जुबेदाभाभींची बहीण कर्जतला असते. तिच्या बाळंतपणाचा फोन अंगणवाडीतच आला आणि भाभी तशाच एस.टी.त बसल्या, किल्ली कनवटीला. दुपारी चारला रज्जाकभाई उठले तर आत कोंडलेले. बबनराव हातोडा घेऊन आले. रज्जाकभाईंनी खिडकीतून त्यांना थांबवलं, म्हणाले, कुलूप फोडायचं न्हाई, त्या कुलपाची गल्लीत इज्जत हाय. मग संध्याकाळपर्यंत गजांमधून चहा, गजांमधून भाकरी. पोरं बघायला जमली. शेवटच्या गाडीने भाभी रडत परत आल्या तेव्हा हे आत बसून बबनरावांच्या मोटरचा स्विच दुरुस्त करत होते. रात्री बारा वाजता पाळीवर हजर. सकाळी मी तक्त्यावर खूण केली, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

माझ्या तक्त्यावरून आमचं वाजलं ते निराळंच. प्लँट सुरू झाल्यापासून पाळ्या उलट्या फिरायच्या. एक आठवडा रात्र, मग दुपारची चार ते बारा, मग सकाळची. एक दिवस रज्जाकभाई तक्ता हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले की हे उलटं करा. सकाळ, मग दुपार, मग रात्र. माणसाला रोज थोडं उशिरा झोपायला सांगितलं तर तो झोपतो, पण आधी झोप म्हटलं की पडून राहतो नुसता छताकडे बघत. मी म्हणालो, हे पहिल्यापासून असंच आहे.

"गेट बी पयल्यापासनं गंजल्यालं हाय," ते म्हणाले. "म्हनून गंजाला हात लावायचा न्हाई का?"

मी मॅनेजरच्या सहीकडे बोट दाखवलं. तक्ता काढणारा हात माझा आणि जबाबदारी मात्र वरची, ही माझी जुनी सवय. ते तक्ता टेबलावर ठेवून गेले. पुढे दर महिन्याला तोच प्रश्न घेऊन यायचे आणि मी दर महिन्याला तेच उत्तर द्यायचो.

मॅनेजरसाहेबांचं मात्र रज्जाकभाईंवर फार प्रेम होतं. नव्या कामगारांच्या प्रशिक्षणात त्यांनी एकदा यांना व्यासपीठावर बोलावलं आणि म्हणाले, इतकी वर्षं न डुलकता काम करण्याचं रहस्य सांगा. साहेबांना योगासनं, मनाचा निग्रह असलं काही हवं होतं. रज्जाकभाईंनी टोपी काढून हातात धरली आणि सांगायला लागले. एक, माझी बायको. दोन, एक पितळी कुलूप. तीन, समोरचा गिरणीवाला. चौथा माझा बाप. त्याचं एस.टी. स्टँडवर चहाचं हॉटेल होतं, शेवटची गाडी गेल्यावर आम्ही घरी यायचो, सकाळी नऊशिवाय कुणी मला उठवलं नाही. अंगातच उशिराचं घड्याळ बसलं, त्यात माझी कसली कर्तबगारी? साहेब हसून पोरांना म्हणाले, बघा, किती विनय आहे. यावर रज्जाकभाई खरोखर चिडले.

"विनय न्हाई, साहेब. खरं सांगतोय ते ऐका की."

कुणी ऐकलं नाही. टाळ्या झाल्या, वडे आले.

आणि मग दत्तूचं प्रकरण झालं. दत्तू पिशव्या भरायच्या मशीनवर होता. शेतकऱ्याचा पोर, लहानपणापासून पहाटे चारला उठून म्हशीची धार काढणारा, रात्री नऊला ज्याची मान पडते असा. मेहनतीला वाघ, पण रातपाळीत पहाटे त्याचं काही खरं नसायचं. एका पहाटे तो क्रेटवर डोकं टेकून झोपला. मशीन चालूच राहिलं, पिशव्यांचे जोड सुटले आणि सगळ्या फरशीवर दूध झालं. याआधी दोनदा त्याला समज दिली होती. आता कामावरून का काढू नये, अशी नोटीस निघाली. ती टाइप केली मीच. घरात अंथरुणाला खिळलेली आई, दोन लहान पोरं, बायको लोकांच्या कांद्यात मजुरीला. नोकरी गेली तर त्या घराला दुसरा आधार नव्हता.

साहेबांना चौकशी पक्की करायची होती, म्हणून त्यांनी रज्जाकभाईंच्या नावाने एक जबाब माझ्याकडून टाइप करून घेतला. इच्छा असेल तर कुठलाही कामगार तिन्ही पाळ्या जागरूक राहून करू शकतो, असा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. खाली सहीला जागा. रज्जाकभाईंनी चष्मा लावून कागद वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"ह्ये खोटं हाय."

साहेब म्हणाले, खोटं कसं? तुमचं लॉगबुक सांगतंय, पंचवीस वर्षांत एक चूक नाही.

"बॉयलरचं लॉगबुक बघितलं तुमी. माझ्या घरचं कुठं बघितलं? मला आठ दिस दत्तूच्या घरात झोपवा, दत्तूला माझ्या घरात. दोघांची बी रातपाळी लावा. मग बघू इच्छा कुनाची किती हाय ते."

साहेबांना गंमत वाटली. त्यांनी विचारलं, आणि तरीही नाही झोपलात तर? रज्जाकभाई म्हणाले, तर या कागदावर सही करतो.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर उखडलो. हा माणूस कधीच झोपत नाही हे सगळ्या प्लँटला माहीत, आणि यांनी दत्तूची नोकरी त्याच्यावर लावली. मी म्हणालो, निदान एकदा डोळे तरी मिटा, नाटक करा. बॉयलरपाशी सोंग चालत न्हाई, एवढंच ते म्हणाले. मग साहेबांकडे परत जाऊन त्यांनी लेखी मागून घेतलं, की आठही रात्री दुसरा परवानाधारक अटेंडंट काचेसमोर बसेल. पैज त्यांची होती, बॉयलरची नव्हती. पंखा असलेल्या खोलीत बसून आम्ही कुणी हा विचार केला नव्हता.

दत्तू तर रडकुंडीला आला होता. चाचा, तुमी झोपनार न्हाई आनि मी जानार, असं म्हणत तो जुबेदाभाभींच्या दारात उभा राहिला. भाभींनी त्याला ताट वाढलं, आत ढकललं आणि बाहेरून कुलूप लावलं. पहिल्या दिवशी तो संध्याकाळी पाचला उठला आणि घाबरून खिडकीतून बबनरावांना विचारू लागला की आज वार कोणता.

बुधवारी दुपारी मी दत्तूच्या घरी गेलो. वैशाख होता. रस्त्याला लागून पत्र्याची एक खोली. पत्रा तापून तडतडत होता, समोरून ट्रक गेला की भांडी हलत होती, पलीकडे कुणाच्या तरी हळदीचा डीजे सकाळपासून सुरू होता. रज्जाकभाई ओला टॉवेल तोंडावर घेऊन बाजेवर पडले होते. मी बसलो त्या अर्ध्या तासात दत्तूच्या आईने चार वेळा पाणी मागितलं. चारही वेळा ते उठले, म्हातारीच्या मानेखाली हात घालून पाणी पाजलं आणि पुन्हा आडवे झाले. डोळे लालभडक झाले होते. मी म्हणालो, झालं एवढं पुरे, आता सांगून टाका साहेबांना.

"काय सांगू? म्हातारीला पानी नगं म्हनू?" ते टॉवेलाखालूनच बोलले. "दत्तू ह्ये दोन वरसं करतोय, भाऊसाहेब. आनि आपन त्येला आळशी म्हनतो."

त्या वाक्याने मला घरापर्यंत पोचू दिलं नाही. वाटेत गाडी थांबवून मी बराच वेळ बाभळीखाली उभा होतो. नोटीस मी टाइप केली होती, त्यातला 'निष्काळजी' हा शब्दही मीच घातला होता. साहेबांनी तो सांगितला नव्हता.

शनिवारी सकाळी आठला रज्जाकभाई स्वतः लॉगबुक घेऊन माझ्या टेबलाशी आले. गॉगल नव्हता. त्यांनी पान उघडलं आणि बोट ठेवलं. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, तासातासाच्या नोंदी, आणि मध्ये त्याच निळ्या शाईत, त्याच गोल अक्षरात एक ओळ. चार वाजून दहा ते साडेचार, मी झोपलो. काच बदली अटेंडंटने पाहिली. खाली पूर्ण सही.

बदली अटेंडंटने मला नंतर सांगितलं, की रज्जाकभाई झोपेशी अक्षरशः झगडत होते. डोक्यावर पाणी ओतलं, उभे राहून नोंदी केल्या, शेवटी भिंतीला टेकले आणि उभ्याउभ्याच गेले. उठल्यावर पहिल्यांदा त्यांनी काच पाहिली आणि नंतर पेन मागितलं. लाज त्यांना मनापासून वाटत होती. मी काही बोलायला जाणार, तेवढ्यात ते लॉगबुक उचलून साहेबांच्या खोलीत शिरले, आणि मी सही घ्यायच्या निमित्ताने मागोमाग गेलो.

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, अहो, वीस मिनिटांचा प्रश्न होता, लिहिलं नसतं तरी चाललं असतं.

"ही वळ लिवली नसती," रज्जाकभाई म्हणाले, "तर आधीची पंचवीस वरसं कोन खरी धरनार? आता दत्तूला काढायचं आसंल तर आधी माझी नोटीस काढा. आनि त्येचं आठवड्याचं काम बी बघा."

दत्तूच्या मशीनचा कागद मी आधीच सोबत आणला होता. एकही पिशवी फुटली नव्हती. साहेब वाईट माणूस नव्हते, पण हरलेलं त्यांना आवडायचं नाही. नियमाप्रमाणे त्यांनी रज्जाकभाईंना मेमो दिला, आणि त्या वर्षीचा उत्कृष्ट कामगाराचा सत्कार दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडला. दत्तूची नोटीस मात्र समज देऊन मागे घ्यावी लागली. दोघांना एकच नियम लावायचा तर दुसरा मार्गच उरला नव्हता.

पुढच्या आठवड्याचा तक्ता मी उलटा काढला. सकाळ, मग दुपार, मग रात्र. कुणाला विचारलं नाही. साहेबांनी सही केली. त्यांनी तो वाचून सही केली की न वाचता, हे मी कधी विचारलं नाही. रज्जाकभाईंनी तो मेमो काच लावून फ्रेम करून घेतला आणि सत्काराचं प्रशस्तिपत्र लावण्यासाठी भाभींनी मारून ठेवलेल्या खिळ्याला टांगला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तो वाचून दाखवायचे.

ते निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी माझी बदली भंडारदऱ्याकडच्या संकलन केंद्रावर झाली. जाण्याआधी भेटावं म्हणून मी दुपारी त्यांच्या गल्लीत गेलो. दाराला तेच कुलूप. मला वाटलं, सवय सुटली नाही म्हाताऱ्याची. पण रज्जाकभाई बाहेर ओट्यावरच बसले होते, किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेली. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत दत्तू होता. रातपाळीच्या आठवड्यात तो तिथेच झोपायचा, आणि त्या दिवसांत त्याच्या आईला पाणी द्यायला जुबेदाभाभी जायच्या. गिरणी बंद होती. मी शेजारी बसलो.

निवडणुकीचे दिवस होते. गल्लीच्या तोंडाशी प्रचाराची रिक्षा वळली, वर दोन कर्णे, गाणं टिपेला. रज्जाकभाई उठले. चप्पलही न घालता तापलेल्या डांबरावरून चालत गेले आणि गल्लीच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. ते हलले नाहीत. कडक इस्त्रीतला एक कार्यकर्ता उतरला आणि म्हणाला, चाचा, बाजूला व्हा, चारला सभा आहे. रज्जाकभाईंनी मागे वळून कुलपाकडे बोट दाखवलं.

"घर तर बंदच आहे की," कार्यकर्ता म्हणाला.

"बंद न्हाई." आवाज इतका हळू की गाण्यात तो मला जेमतेम ऐकू आला. "आत कामाचा मानूस झोपलाय. जायचं आसंल तर माझ्या अंगावरनं जा."

गिरणीच्या दारात बबनराव येऊन उभे राहिले. शेजारच्या दोन बायका सूप हातात घेऊन बाहेर आल्या. कार्यकर्त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग हात घालून कर्णा बंद केला. रिक्षावाला खाली उतरला, त्याने इंजिनही बंद केलं, आणि दोघांनी मिळून ती रिक्षा हाताने ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत मागे नेली.

ती वळेपर्यंत रज्जाकभाई तिथेच, हात पसरून उभे होते. मग तळवे चटके खात ते ओट्यापाशी आले, कुलूप हलक्या हाताने एकदा ओढून पाहिलं आणि मला खुणेनेच सांगितलं, की चहा बबनरावांकडे घेऊ.